टायबरकाठची भाकरी

माहेरच्या घरी माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक असे. तिच्यावर पांढऱ्या रंगात अण्णांचा नंबर आणि पलटणीचे नाव लिहिलेले होते. अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. माणगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून ते दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत भरती झाले, समुद्र ओलांडून इटलीपर्यंत गेले, आणि १९४६ मध्ये परत येऊन दुसऱ्याच दिवशी, जणू काही झालेच नाही अशा थाटात, भातखाचरात उतरले. लढाईबद्दल ते बोलत नसत. आम्ही मुले खनपटीला बसलो तर तीन इटालियन शब्द म्हणून दाखवीत. पाने म्हणजे पाव, आक्वा म्हणजे पाणी आणि ग्रात्सिए म्हणजे उपकार झाले. शिवाय एक गोष्ट सांगत. ती एकच.

"डोंगरावर एक गाव होतं. तिथल्या एका म्हातारीनं आम्हाला चुलीवरची भाकरी घातली. गव्हाची, ही एवढी जाड. मधोमध चिरून आत पाल्याची भाजी भरलेली."

आम्ही पोट धरून हसत असू. इटलीत भाकरी? माझा चुलतभाऊ, आमचा दादा, सगळ्यांत वात्रट. तो विचारी, "अण्णा, बरोबर पिठलं पण होतं का हो?" अण्णाही हसत. पुढे मुंबईहून येणारी नातवंडे "तो पिझ्झा असेल" म्हणून त्यांना समजावू लागली. मग कधीतरी अण्णांनी ती गोष्ट सांगणे सोडून दिले. केव्हा सोडले, हे घरात कुणाच्या लक्षातही आले नाही. १९९१ मध्ये अण्णा गेले. ट्रंकेत निघाली ती दोन पदके, एक पितळी बक्कल आणि पलटणीतून मोकळे केल्याचा कागद. त्या कागदावर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाव होते.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे आमची लेक. ती म्युनिकला नोकरी करते. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघे तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने आठ दिवसांची इटलीची सहल ठरवली होती. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. आमच्या ह्यांची तयारी तर घरूनच झालेली होती, कलोसियमची उंची त्यांना पाठ होती. मी म्हटले, मला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जायचे आहे. "आई, तिथे काय आहे?" लेकीने विचारले. खरे उत्तर सांगण्याची मला लाज वाटली. भाकरी शोधायला जायचे आहे, असे कोण सांगेल? मी म्हटले, "आपले लोक लढले तिथे." शेवटी तडजोड झाली. चार दिवस त्यांचे, चार दिवस माझे.

टायबर आपल्याला ठाऊक असते ती रोमची नदी म्हणून. पण रोमला पोचेपर्यंत ती जवळजवळ चारशे किलोमीटर चालून थकलेली असते. तिचे तरुणपण पाहायचे तर उंब्रिया प्रांतात, तेही वरच्या टोकाला जायला हवे. उंब्रिया हा इटलीच्या मधोमध वसलेला प्रांत. ना समुद्र, ना परदेशाची सीमा. असा इटलीत हा एकच. प्रवासी कंपन्यांच्या बशी असिसीला थांबतात, संत फ्रान्सिसचे दर्शन घेतात आणि फ्लॉरेन्सच्या दिशेने पळतात. त्यांच्या वाटेपासून तास-दीड तास बाजूला गेले की नदी दोन्हीकडच्या डोंगरांत शिरते. डोंगरांवर एकेक गाव टोपीसारखे बसलेले आणि खाली सपाटीवर तंबाखूची शेते. हो, तंबाखूची. निपाणीकडचे कुणी बरोबर असते तर गाडी थांबवून पानाची प्रत बघत बसले असते.

आम्ही मुक्काम केला चित्ता दि कास्तेल्लो या गावी. वस्ती चाळीस हजारांच्या आतली. जुना भाग तटबंदीच्या आत, सगळा पायी फिरता येतो. पहिल्या दिवशी दुपारी एक वाजता बाहेर पडलो तर गावात चिटपाखरू नाही. दुकानांची दारे ओढलेली. एक ते चार बंद! हा शोध केवळ आपलाच आहे असे पुणेकरांनी यापुढे समजू नये. आमचे हे मूळचे सदाशिव पेठेतले. त्यांना त्या बंद दारांसमोर उभे असताना जो आनंद झाला, तो कलोसियमसमोरही झाला नव्हता.

चार वाजता गाव पुन्हा जागे झाले आणि आम्ही चित्रसंग्रहालयात गेलो. चित्रकार राफाएल अगदी विशीच्या आसपास असताना या गावाने त्याला कामे दिली होती. गावातल्या चर्चसाठी त्याने मोठमोठी चित्रे रंगवली. त्यातले एक १७८९ च्या भूकंपात मोडले आणि त्याचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पांगले. दुसरे आज लंडनमध्ये आहे. 'कुमारीचा विवाह' हे १५०४ चे प्रसिद्ध चित्र १७९८ मध्ये नेपोलियनच्या सैन्यातल्या एका सेनापतीला 'भेट' द्यावे लागले. ते आता मिलानमध्ये आहे. गावाकडे उरला तो मिरवणुकीत नाचवायचा एक कापडी ध्वज, दोन्ही बाजूंनी रंगवलेला आणि झिजून झिजून विटलेला. काचेआड तो इतका दीनवाणा दिसतो की क्षणभर वाटते, हा कशाला जपला? मग लक्षात येते, नेण्यासारखा नव्हता म्हणूनच तो राहिला.

या गावाने पुढे स्वतःचा एक चित्रकार दिला, तोही कापडाशीच खेळणारा. आल्बेर्तो बुर्री, जन्म १९१५. शिक्षणाने डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात इटालियन सैन्यात वैद्यकीय अधिकारी होता. १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला गेला आणि अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये युद्धकैद्यांच्या छावणीत जाऊन पडला. तिथे त्याने गोणपाटावर चित्रे काढायला सुरुवात केली. सुटून आल्यावर डॉक्टरकी केलीच नाही. फाटके गोणपाट, ठिगळे, जळके लाकूड, वितळलेले प्लॅस्टिक, हीच त्याची रंगपेटी. गावाबाहेर तंबाखू सुकवायच्या प्रचंड शेड होत्या. १९९० पासून त्यांत त्याची मोठी चित्रे मांडलेली आहेत. आम्ही गेलो तेव्हा आत आमच्याशिवाय दोघेच होते. खरे सांगायचे तर मला आधुनिक चित्रकला फारशी कळत नाही. पण शिवलेल्या गोणपाटासमोर मी बराच वेळ उभी राहिले. जखम शिवल्यासारखे टाके होते. हे म्हणाले, "आपल्या रेशन दुकानातल्या पोत्यांना हे कळलं तर भाव खातील." याच शेडची आणखी एक गंमत ऐकली. १९६६ मध्ये फ्लॉरेन्सला महापूर आला आणि ग्रंथालयातली हजारो पुस्तके चिखलात बुडाली, तेव्हा ती सुकवायला इथे आणली होती. तंबाखूच्या भट्टीत ग्रंथ!

पुस्तकांवरून आठवले. मी चौतीस वर्षे बालवर्गाला शिकवले, त्यामुळे या गावात मला एक वेगळाच धक्का बसायचा होता. छपाई हा इथला जुना धंदा. १७९९ पासून चालत आलेला एक छापखाना आजही एका जुन्या चर्चच्या इमारतीत खिळे जुळवून काम करतो. याच गावात १९०९ मध्ये मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले पुस्तक छापले गेले, ज्यातून 'मॉन्टेसरी पद्धत' जगभर गेली ते. गावाजवळ फ्रान्केत्ती नावाच्या बॅरनचे घर होते. त्याची अमेरिकन पत्नी अॅलिस हिने १९०८ मध्ये गावातल्या बायकांसाठी तागाच्या कापडाचे हातमाग सुरू केले आणि त्यांच्या मुलांसाठी शाळाही काढली. या दांपत्यानेच मॉन्टेसरीबाईंना आपल्या घरी राहवून घेतले, पुस्तक लिहायला लावले आणि शिक्षकांचा पहिला वर्गही तिथेच भरवला. हातमाग अजून चालू आहेत. मागावरच्या बाईंना लेकीने सांगितले की आईने आयुष्यभर मॉन्टेसरीची साधने वापरली, तेव्हा त्या उठून आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

हा धागा पुढे कुठे जातो पाहा. १९३९ मध्ये मॉन्टेसरीबाई मद्रासला आल्या त्या काही महिन्यांसाठी. पण १९४० च्या जूनमध्ये इटली महायुद्धात उतरली आणि बाई इंग्रजांच्या लेखी शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांच्या मुलाला, मारिओला, पकडून ठेवले ते आपल्या अहमदनगरच्या छावणीत. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून व्हाइसरॉयने त्याला सोडले. बाई मात्र १९४६ पर्यंत हिंदुस्थानातच राहिल्या आणि शिक्षक घडवीत राहिल्या. इकडे ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे काम आधीच सुरू केले होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या गरीब मुलांसाठी ते नेले, आणि महागड्या लाकडी साधनांऐवजी बिया, शिंपले, दगडगोटे वापरायला शिकवले. म्हणजे १९४४ च्या उन्हाळ्यात इटलीची शिक्षिका आमच्याकडे अडकली होती आणि आमच्या माणगावचा शेतकरी तिच्या पुस्तकाच्या गावाशेजारी बंदूक घेऊन डोंगर चढत होता. मी ज्या शाळेत नोकरी केली, तिथल्या भिंतीवर मॉन्टेसरीबाईंची तसबीर होती. अण्णा एकदा बक्षीस समारंभाला आले होते. तसबिरीखाली इटली हा शब्द वाचून ते थोडा वेळ थांबले होते. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेतली. लेक चालवत होती, हे शेजारी बसून ब्रेक दाबत होते. उत्तरेला दहा-बारा मैलांच्या आतच कोस्पाया लागते. म्हटले तर गाव, म्हटले तर चार गल्ल्या आणि एक चर्च. पण हे एकेकाळी स्वतंत्र प्रजासत्ताक होते! त्याची कथा आपल्या तलाठ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. १४४० च्या सुमारास पोपने आपला काही मुलूख फ्लॉरेन्सला दिला. करारात सीमा लिहिली, 'रिओ' नावाचा ओढा. आता तिथे रिओ नावाचे ओढे होते दोन, मध्ये सुमारे पाचशे मीटरचे अंतर. फ्लॉरेन्सने अलीकडचा धरला, पोपने पलीकडचा. मधला पट्टा कुणाचाच नाही. कोस्पायाच्या शेतकऱ्यांनी ते बरोबर ओळखले आणि स्वतःला स्वतंत्र जाहीर केले. ना राजा, ना सैन्य, ना कर. चर्चच्या दारावर शाश्वत आणि भक्कम स्वातंत्र्याची लॅटिन घोषणा कोरली, ती आजही वाचता येते. सोळाव्या शतकात या भागात तंबाखूचे बी आले. पुढे पोपच्या राज्यात तंबाखूवर बंधने येत गेली, पण कोस्पायाला कोण अडवणार? गाव गबर झाले, तस्करांचेही फावले. शेवटी १८२६ मध्ये दोन्ही शेजाऱ्यांनी पट्टा वाटून घेतला. गावकऱ्यांना म्हणे नुकसानभरपाई म्हणून एकेक चांदीचे नाणे मिळाले. जवळजवळ चारशे वर्षांचे स्वातंत्र्य आणि किंमत एक नाणे! आजही खोऱ्यात तंबाखू आहे ती त्याच परंपरेतली.

कोस्पायाच्या पुढे तोस्काना प्रांताची हद्द आणि लगेच सान्सेपोल्क्रो. उंब्रियाच्या लेखात ते यायला नको, पण एका गोष्टीसाठी आणते. पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकाराने पंधराव्या शतकात इथल्या भिंतीवर येशूचे पुनरुत्थान रंगवले. इंग्रज लेखक अॅल्डस हक्सले यांनी १९२५ च्या आपल्या प्रवासलेखांत त्याला जगातले सर्वोत्तम चित्र म्हटले होते. १९४४ मध्ये टोनी क्लार्क नावाचा तरुण ब्रिटिश तोफखाना अधिकारी या गावावर तोफा डागत होता. मध्येच त्याला आठवले, हे नाव आपण कुठेतरी वाचले आहे. हक्सलेचा लेख आठवताच त्याने मारा थांबवला. जर्मन आधीच निघून गेले होते. चित्र वाचले, गावही वाचले. गावाने एका रस्त्याला त्याचे नाव दिले आहे.

सुंदर गोष्ट आहे, सगळे मार्गदर्शक ती सांगतात. पण तिसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेला उंबेर्तिदेला गेलो. त्या गावावर कुणी लेख लिहिलेला नव्हता.

उंबेर्तिदे हे नदीकाठचे गाव. त्याचे जुने नाव फ्रात्ता, १८६३ मध्ये बदलले. चौकात जुना किल्ला, सांता क्रोचे चर्चमध्ये लुका सिन्योरेल्लीचे १५१६ चे मोठे चित्र. ते आम्ही पाहिले, छानच आहे. पण मनात राहिली ती एक मोकळी जागा. २५ एप्रिल १९४४ रोजी दोस्तराष्ट्रांची विमाने टायबरवरचा पूल पाडायला आली. बॉम्ब पुलाऐवजी शेजारच्या वस्तीवर पडले. सुमारे सत्तर माणसे गेली. म्हातारी, बायका, मुले. बरोबर एक वर्षाने, १९४५ मध्ये, त्याच तारखेला इटलीचा मुक्तिदिन आला आणि आज सारा देश त्या दिवशी सुट्टी घेतो. या गावाची त्या दिवशी काय अवस्था होत असेल? मुक्त करणारे आणि मारणारे एकाच बाजूचे. आमच्या अण्णांची पलटण त्याच बाजूने दोन-अडीच महिन्यांनी इथे आली. रस्त्यातले ढिगारे त्यांनी पाहिले असणार. मला पहिल्यांदाच वाटले, की अण्णा लढाईबद्दल बोलत नसत ते केवळ आमच्याशी नव्हे, कदाचित स्वतःशीही बोलत नसतील.

मोंतोने तिथून जवळ. टेकडीच्या माथ्यावर कवचासारखे गोल गाव, वस्ती दीड हजाराच्या आसपास. गाडी खाली ठेवून चढावे लागते. दगडी पायऱ्या, कमानी, कुंड्यांतली लाल जिरॅनियम, आणि शेवटी अचानक सगळे खोरे पायाखाली. हे गाव फोर्तेब्राच्चो घराण्याचे. त्यातला ब्राच्चो दा मोंतोने (१३६८ ते १४२४) भाडोत्री फौजेचा सरदार होता. आपल्याकडे शिलेदार पैशासाठी चाकरी बदलत, तसलाच, पण फार मोठ्या प्रमाणावर. १४१६ मध्ये तो पेरुजाचाच धनी झाला. त्याच्या मुलाने व्हेनिसच्या चाकरीत असताना येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून एक काटा मिळवून गावाला दिला. दर ऑगस्टमध्ये त्या प्रसंगाचा उत्सव होतो. गावाच्या तीन आळ्या एकमेकींशी धनुर्विद्येत आणि सोंगे काढण्यात चुरस करतात. आळ्यांतली चुरस! गावकी आणि आळीचे राजकारण कोकणातून आलेल्या माणसाला काय नवीन?

पण मी मोंतोनेला आले होते ते ब्राच्चोसाठी नव्हे. तिथे आमच्या तालुक्यातला एक माणूस आहे.

नाईक यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तालुका माणगाव. जन्म १९२१. तिसरी मराठा, अण्णांचीच बटालियन. जुलै १९४४ मध्ये दहावी भारतीय डिव्हिजन टायबरच्या दोन्ही अंगांनी एकेक डोंगर घेत वर सरकत होती. १० जुलैला घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, उरले एकटे घाडगे. ते थांबले नाहीत. धावत जाऊन त्यांनी हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि काडतुसे भरायला वेळ नाही म्हणताच बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. त्याच वेळी शत्रूच्या नेमबाजाची गोळी त्यांना लागली. वय वर्षे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे. त्यांत दुसरे मराठा सैनिक म्हणजे नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले, ज्यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर पराक्रम केला आणि जिवंत परतले. या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. घाडग्यांची कबर नाही. त्यांचे नाव दूर दक्षिणेला, कासिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे.

आमच्या माणगावला त्यांचा पुतळा आहे. लहानपणापासून पाहत आले. पुतळ्याखाली 'इटली' असे वाचले की आम्हाला वाटे, असेल कुठेतरी. २०२३ च्या जुलैमध्ये मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांचे स्मारक उभारले. पुतळा नाही, स्तंभ नाही. उन्हावर चालणारे घड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. भारताच्या राजदूतही तेव्हा आल्या होत्या.

मी तिथे उभी राहिले. बरोबर फुले नव्हती. पर्समध्ये विमानात मिळालेली बडीशेपेची पुडी होती, ती काही वाहता येईना. हे टोपी काढून उभे राहिले. लेकीने फोटो घेतला आणि मग हळूच विचारले, "आई, हे आपल्या गावापासून किती लांबचे?" मी म्हटले, "चालत गेलं तर दुपारी जेवायला पोचशील." ती गप्प झाली. घड्याळाची सावली बाराच्या पुढे सरकली होती.

आता जेवायला हवे होते. गावातल्या एका साध्या खाणावळीत शिरलो. आम्ही दोघे शाकाहारी. इटलीत पाच दिवस त्याचा अर्थ पास्ता आणि पुन्हा पास्ता असा झाला होता. लेकीने मालकीणबाईंना मोबाइलवरून भाषांतर करून विचारले, मांस नको, काय देता? बाई साठीच्या. म्हणाल्या, "चाच्चा." ह्यांना वाटले कुणा काकांना बोलावताहेत. बाईंनी हसून आम्हाला आतच बोलावले.

आत शेगडीवर एक गोल, जाड, काळा लोखंडी तवा होता. त्याला तिथे 'तेस्तो' म्हणतात. पूर्वी तो दगडाचा असे. गव्हाचे पीठ, पाणी, मीठ, चिमूटभर सोडा, एवढेच मळलेले. त्याची बोटभर जाडीची गोल चकती त्यांनी तव्यावर टाकली, काट्याने टोचली, एका बाजूने डाग पडल्यावर उलटली. मग चाकूने मधोमध चिरून पुरीसारखी दोन पापुद्र्यांत उघडली आणि आत लसणाच्या फोडणीवर परतलेला हिरवा पाला भरला. खाली पेरुजाकडे तिला 'तोर्ता अल तेस्तो' म्हणतात, गुब्बिओकडे 'क्रेश्या', या खोऱ्यात 'चाच्चा'. शेतावरच्या माणसांचे जेवण. पाव भाजायला भट्टी पेटवावी लागते, त्याला आठवड्याचा एक दिवस ठरलेला. मधल्या दिवसांत अचानक कुणी आले की चुलीवर तेस्तो ठेवायचा.

अचानक कुणी आले की. मी ताटातला पहिला तुकडा मोडला आणि माझ्याने पुढे काही बोलवेना. हे आधी घाबरले, मग त्यांना उमगले. लेकीला मी तिथेच, त्या टेबलाशी, अण्णांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. तिने ती मालकीणबाईंना सांगितली. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांची आई सांगे, त्या उन्हाळ्यात डोंगरात काळेसावळे शिपाई आले होते, पाणी मागताना हात जोडत. नंतर त्यांनी विचारले, तुमच्याकडची कशी असते? मी त्यांच्या पिठाचा गोळा घेऊन ओट्यावर भाकरी थापायला लागले. गव्हाच्या पिठाची ती कसली थापली जाते! चिकटली. पण थापण्याचा आवाज तसाच आला. त्यांनी मला लाटणे दाखवले, मी त्यांना तळवा दाखवला. बिलात त्यांनी एकच चाच्चा लावली होती, खाल्ल्या होत्या चार.

बाहेर पडले तेव्हा दोन वाजले होते. माणगावला साडेपाच. दादाला फोन लावला. दादा आता पंचाहत्तरीचा आहे, कानाने थोडा कमी.

"दादा, अण्णांची भाकरी सापडली," मी ओरडून सांगितले.

पलीकडे काही क्षण काहीच नाही. मला वाटले, लाइन गेली.

"आत काय होतं?" त्याने विचारले.

"पाल्याची भाजी. लसूण घातलेली."

"तवा?"

"लोखंडी. पूर्वी दगडाचा असायचा म्हणे."

पुन्हा शांतता. मागे अंगणात कोंबड्यांचा आवाज येत होता.

"ट्रंक अजून माळ्यावरच आहे गं," दादा म्हणाला. "उद्या पोरांना सांगून खाली उतरवतो."